पाचशे चित्रे आणि एक रस्ता

परदेशाहून परतलेल्या माणसाची छायाचित्रे पाहणे हा हल्ली सक्तीचा पाहुणचार होऊन बसला आहे. पूर्वी आपण पाहुण्याला फराळ देत असू. आता पाहुणा आपल्याला चित्रे वाढतो, आणि ‘पुरे’ म्हणण्याची सोय नसते. पुस्तकांची परीक्षणे लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. यंदा अशाच एका चित्रसंग्रहाचे परीक्षण करावे असे मनात आले. हा संग्रह छापलेला नाही, त्याला प्रकाशक नाही, किंमतही नाही. परंतु मराठीतल्या पुष्कळशा काव्यसंग्रहांना जेवढे वाचक लाभतात त्याहून अधिक याला एका रात्रीत लाभले, एवढे मला माहीत आहे.

संग्रहाचा कर्ता माझ्या आतेभावाचा मुलगा. तो कॅनडात कॅल्गरीला नोकरी करतो. गेल्या वर्षी गौरीगणपतीला तो पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी आला, तेव्हा आत्याने मलाही नगरहून बोलावून घेतले. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, जिभेला वळण लागायला अजून थोडे दिवस जातील.) जेवणे झाली, भिंतीवरचा मोठा टी.व्ही. फोनला जोडला गेला, शेजारपाजारची मंडळी सतरंजीवर बसली, आणि पाचशे बारा चित्रांचा कार्यक्रम सुरू झाला. आकडा मी मोजला नाही. त्यानेच अभिमानाने सांगितला.

विषय होता आइसफील्ड्स पार्कवे नावाचा रस्ता. लेक लुईजपासून जास्परपर्यंत रॉकी पर्वताच्या कण्याला धरून सुमारे 230 किलोमीटर तो जातो. एका बाजूला हिमनद्या, दुसऱ्या बाजूला सरोवरे. जगातल्या देखण्या रस्त्यांच्या यादीत त्याचे नाव हमखास असते. मुलाने मित्रांसह मोटारीने तो चार दिवसांत पालथा घातला होता.

चित्रांच्या गुणांविषयी आधी बोलतो. ती स्वच्छ होती, रेखीव होती. पेटो नावाच्या सरोवराचे एक चित्र तर असे निळेहिरवे होते, की शेजारच्या वहिनींनी ‘रंग भरलाय’ असा निकाल देऊन टाकला. वास्तविक तो रंग खरा आहे. हिमनदी सरकताना खडक पिठासारखा दळते. ते पीठ पाण्यात तरंगत राहते आणि त्यावरून उजेड विखुरला, की पाण्याला ती मोरपंखी झाक येते. हे मुलाला ठाऊक होते, पण विचारल्यावाचून त्याने सांगितले नाही. खरे चित्र खोटे ठरले ते सांगणारा गप्प राहिला म्हणून. आणि डोंगरांची गत याच्या उलट. फोनच्या रुंद भिंगात दूरची वस्तू लहान होते. तीन हजार मीटरचे सुळके आमच्या घरात येईपर्यंत मातीच्या ढिगाएवढे उरले. त्यांच्या पायथ्याशी एखादा माणूस किंवा मोटार असती तर निदान मापाला आधार झाला असता. पण मुलाने कटाक्षाने माणसे टाळली होती. ‘फ्रेम स्वच्छ राहते,’ असे त्याचे म्हणणे.

मला आठवण झाली ती सत्तरीच्या दशकातल्या एका संध्याकाळची. नगरच्या एका वाड्यात अमेरिकेहून परतलेले गृहस्थ पारदर्शिका दाखवीत होते. फिल्मच्या एका रिळात छत्तीसच चित्रे मावत आणि ती धुवायला पैसे पडत; त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. पडदा म्हणून धुतलेले धोतर होते. यंत्राचा खटका वाजला, की ते गृहस्थ सांगायला लागत: इथे टायर फुटले, इथे थालीपिठाचा शेवटचा तुकडा संपला, इथे हिने वाट चुकवली. हिने, म्हणजे शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, त्यावर तत्काळ हरकत घ्यावी. चित्रे बरीचशी धूसर होती. त्यांतला एकही डोंगर आज आठवत नाही. ते टायर आणि ती हरकत मात्र काल ऐकल्यासारखी आठवते.

आपल्या प्रवासवर्णनांनीही हेच केले आहे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ 1940 साली आले, पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ 1960 साली. ‘अपूर्वाई’ला साथ होती ती शि. द. फडणीसांच्या रेखाचित्रांची. ज्यांनी विलायत पाहिली नव्हती आणि पाहण्याची आशाही नव्हती अशा घरांतून ती पुस्तके वाचली गेली. म्हणून स्थळ दाखवण्याचे कामही लेखकांवर होते. आज ते काम उरलेले नाही. पेटो सरोवर आमच्या गावच्या पोरांनी आधीच फोनवर पाहिले होते, तेही विमानातून घेतल्यासारखे. मग प्रवाशाकडे देण्यासारखे उरते काय? त्याच्यावर जे बीतले तेच. आणि नेमके तेच या पाचशे बारा चित्रांतून काळजीपूर्वक गाळलेले होते. संग्रहाचा मुख्य दोष मी हा मानतो.

प्रेक्षकांतही दोष होतेच. दीडशेव्या चित्रापाशी एक गृहस्थ म्हणाले, “आपलं भंडारदरा काय कमी आहे?” ही तुलना मला मनापासून नावडते. भंडारदरा सुंदर आहे, यात वाद नाही. पण आपले कळसूबाईचे शिखर 1646 मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. आणि तो कॅनडातला रस्ता बो खिंडीत दोन हजार मीटरच्या वर चढतो. मोटार जिथून जाते ती जागाच कळसूबाईच्या डोक्यावर. अशा तुलनेने चित्र पाहायचे राहून जाते आणि फक्त अभिमान गोंजारला जातो.

पण तुलनेची दुसरीही एक जात असते. ती मला त्या रात्री आत्याने दाखवली.

आत्या सत्तरी ओलांडलेली. बराच वेळ ती वाती वळीत मुकाट्याने पाहत होती. अथाबास्का हिमनदीपाशी ‘1992’ असा आकडा लिहिलेल्या पाटीचे चित्र आले. त्या साली बर्फाचे टोक तिथवर होते. आता ते बरेच मागे हटले आहे. मंडळींनी हळहळ व्यक्त केली. पुढचे चित्र चुकून निघालेले असावे. धावत्या मोटारीच्या काचेतून, वाकडे, धुरकट. त्यात नुसता रस्ता आणि कडेची खडी. मुलगा ते घाईने पुढे सरकवू लागला, तोच आत्या म्हणाली, “थांब. डोंगर पाह्यले, पाणी पाह्यलं. पर हा रस्ता कुणी केला?”

“सरकारनं, आजी.”

“सरकार खडी फोडतं व्हय? एवढ्या थंडीत खडी कुणी फोडली, ते विचारतीय मी.”

लोक हसले. मुलगाही हसला, पण पोर प्रामाणिक. त्याने तिथल्या तिथे फोनमध्ये शोधले. त्याला सापडले ते असे: 1929 नंतरच्या महामंदीत कॅनडात लक्षावधी लोक बेकार झाले. त्यांच्या हाताला काम म्हणून 1931 साली सरकारने हा रस्ता काढला. एक टोळी जास्परकडून, एक लेक लुईजकडून. टिकाव, फावडी आणि घोडे घेऊन पुढे सरकत त्या मध्ये भेटल्या. 1940 साली रस्ता खुला झाला.

आत्याने हातातली वात खाली ठेवली. “म्हंजी त्यांच्याकडं बी दुष्काळच.”

“पावसाचा नव्हे, आजी. कामाचा.”

“एकच की रे.”

आणि मग त्या टी.व्ही.कडे पाठ करून ती बाहत्तरच्या दुष्काळाविषयी बोलू लागली. तेव्हा ती विशीच्या आतबाहेर होती. विहिरी आटलेल्या, जनावरे सोडून दिलेली. गावची सगळी माणसे, पाटलाच्या घरच्या बायकासुद्धा, दुष्काळी कामावर. बाभळीला लुगड्याची झोळी बांधून तीत तान्हे मूल, आणि समोर दगडांचा ढीग. फोडलेली खडी ब्रासवर मोजली जायची; मोजणारा मुकादम ढीग पायाने दाबून बघायचा. हजेरीवर नाव चुकले तर दिवस फुकट. कामावर सुकडी मिळायची. घरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकर, जी धड थापताही येत नसे. दगडाची कपची उडून डाव्या भुवईवर लागलेली खूण तिने बोटाने दाखवली. ती खूण मी लहानपणापासून पाहत आलो. विचारले कधी नाही.

“कुठला रस्ता, आजी?” मुलाने विचारले.

“अरे, कुठला म्हंजी? आपला. वेशीपासून ओढ्यापस्तोर. ज्याच्यावरनं आलास तू.”

त्या रस्त्यावरून तो बालपणी शाळेत गेला, पुढे परदेशी गेला, त्या आठवड्यात भाड्याच्या मोटारीने परत आला. त्याचे एकही चित्र त्याच्यापाशी नव्हते. माझ्यापाशी तरी कुठे होते? मी त्या रस्त्याच्या खड्ड्यांविषयी वर्तमानपत्राला एकदा पत्र मात्र लिहिले होते.

उरलेली चित्रे त्या रात्री पाहायची राहिली. परीक्षकाने संपूर्ण कृती वाचल्यावाचून अभिप्राय देऊ नये, हा नियम मी इथे मोडतो आहे. तरीही कर्त्याला दोन सूचना कराव्याशा वाटतात. पाचशेंतली छत्तीस ठेवावीत, कोणती ते घरच्यांना विचारून. आणि मोटारीत मागे बसलेला जो मित्र घाटात तिन्ही दिवस ओकत होता असे दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळले, त्याला संग्रहात मानाचे स्थान द्यावे.

ते धुरकट चित्र मुलाने जाण्यापूर्वी तालुक्याच्या गावी छापून आणले. आत्याने ते देवघराशेजारी, कालनिर्णयाच्या खाली टाचणीने लावले आहे. चौकट करून घ्यायची राहिली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवते, आणि कोणी डोंगराविषयी विचारले तर म्हणते, डोंगर त्याच्या फोनात हायेत.