जात्यांतील दाणे

युद्ध संपलें म्हणजे शांतता नांदूं लागते, असा एक भाबडा समज आहे. १९४५ सालीं याल्टा आणि पॉट्सडॅम येथें जेत्यांनीं युरोपची जी वांटणी केली, तिनें तो खोटा ठरविला. पोलंड हा देश तर नकाशावर उचलून जणूं पश्चिमेकडे सरकविण्यांत आला. त्याचा पूर्वेकडील मुलूख रशियानें घेतला, आणि मोबदला म्हणून ओडर-नाइसे नद्यांपर्यंतचा जर्मन प्रदेश त्याच्या पदरीं पडला. लक्षावधि माणसांना घरदार सोडावें लागलें. पुढें अमेरिकेचें सुमारें १३ अब्ज डॉलरांचें साहाय्य पश्चिम युरोपांत आलें. पूर्वेकडील राष्ट्रांना तें मॉस्कोनें घेऊं दिलें नाहीं. १९४९ सालीं नाटो आणि १९५५ सालीं वॉर्सा करार होऊन खंडाचीं दोन शकलें पक्कीं झालीं. हा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु खंड दुभंगला म्हणजे त्यांतील लेखकाच्या मनाचें काय होतें, हा प्रश्न ज्या ग्रंथानें विचारला, त्याचा परामर्श घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

चेस्वाव मिवोश या पोलिश कवीचा 'द कॅप्टिव्ह माइंड' हा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथकार हा कांहीं दुरून दगड मारणारा नव्हे. नव्या पोलिश सरकारच्या वतीनें त्यानें वॉशिंग्टन व पॅरिस येथें राजनैतिक काम केलें होतें, आणि १९५१ सालीं त्यानें फ्रान्समध्यें आश्रय मागितला. त्यामुळें त्याच्या लिहिण्यांत आरोपापेक्षां कबुलीचा सूर अधिक आहे. वरवर राजमान्य मताचा जयघोष करावा आणि खरा विश्वास पोटांत दडवावा, या जुन्या इराणी चालीला तो 'केतमान' म्हणतो. अशा मनाच्या चार लेखकांचीं चित्रें त्यानें टोपणनांवांखालीं रेखाटलीं आहेत. त्यांतील 'बीटा' म्हणजे तादेउश बोरोव्स्की, हें आतां सर्वश्रुत आहे. आउश्वित्सच्या छळछावणींतून वांचलेला हा कथाकार पुढें पक्षाचा प्रचारक झाला आणि १९५१ सालीं त्यानें आत्महत्या केली. हें प्रकरण वाचून मन सुन्न होतें.

तथापि एका ठिकाणीं आमचा मतभेद आहे. विचारवंतांच्या शरणागतीला ग्रंथकारानें तत्त्वज्ञानाच्या नाट्याचें रूप दिलें आहे. मनाची पोकळी भरून काढण्यासाठीं त्यांनीं नव्या मताची गोळी घेतली, असें त्याचें म्हणणें. परंतु गिरणींतील मजुराचें काय? त्याला पोकळी नव्हे, पोट भरावयाचें होतें. १९५६ च्या जूनमध्यें पोझ्नान येथील कामगार भाकरीसाठीं रस्त्यावर आले, तेव्हां ती गोळी त्यांना लागूं पडली नव्हती, हें उघड झालें. लेखकाचें मन म्हणजे राष्ट्राचें मन नव्हे. ग्रंथाची ही मर्यादा वाचकानें ध्यानांत ठेवावी.

या ग्रंथाच्या वांट्याला जें स्वागत आलें, तेंहि बोधप्रद आहे. पोलंडमध्यें त्यावर बंदी आली. पॅरिसमधील डाव्या विचारवंतांनीं ग्रंथकाराला फितूर मानलें, आणि देशत्याग केलेल्या पोलिश मंडळींतील कित्येकांनीं त्याला जुन्या सरकारी नोकरीबद्दल संशयानें पाहिलें. अमेरिकेनेंहि त्याला अनेक वर्षें प्रवेश नाकारला. १९६० सालीं तो बर्कलेच्या विद्यापीठांत जाऊं शकला. पुढें १९६६-६७ सालीं उघडकीस आलें कीं, संस्कृतीच्या स्वातंत्र्याचा झेंडा घेऊन निघालेल्या पश्चिमेकडील मोठ्या संस्थेला अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसा मिळत होता. याच संस्थेशीं संलग्न असलेल्या भारतीय समितीनें १९५५ सालीं मुंबईंत 'क्वेस्ट' हें नियतकालिक सुरू केलें होतें. तेव्हां ही गोष्ट आमच्या उंबरठ्यापर्यंत आली होती. दोन्ही पक्षांची बरोबरी आम्ही करीत नाहीं. एकीकडे तुरुंग होता, दुसरीकडे थैली होती. आणि तुरुंग तो तुरुंगच. परंतु जात्यांतले रडतात आणि सुपांतले हसतात, ही म्हण दोन्हीकडच्या लेखकांना लागू पडली, हें खरें.

ग्रंथकाराला १९८० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९८९ च्या नोव्हेंबरांत बर्लिनची भिंत पडली आणि दोन वर्षांनीं सोव्हिएट संघहि विराम पावला. मग हा ग्रंथ आतां जुना झाला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बोलण्यापूर्वीं वरिष्ठाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची संवय जेथें जेथें आहे, तेथें तेथें केतमान जिवंत आहे; मग तें राज्य असो, कचेरी असो वा आपलेंच घर असो. म्हणून सुशिक्षित कुटुंबांत हा ग्रंथ वडील माणसांनीं आधीं वाचावा आणि मग मुलांच्या हातीं द्यावा, अशी आमची शिफारस आहे.