‘टॅसिट नॉलेज’ : एका शब्दात कोंबलेल्या तीन गोष्टी

पीएचडीच्या प्रपोजलमध्ये, लॅब मीटिंगमध्ये ‘टॅसिट नॉलेज’ हा शब्द हल्ली सर्रास ऐकू येतो. मराठीत आपण ‘अव्यक्त ज्ञान’ म्हणतो. प्रोटोकॉलमध्ये जे लिहिलेलं नाही ते सगळं टॅसिट! माझा आक्षेप शब्दाला नाही, या सैल वापराला आहे.

शब्द रूढ केला मायकेल पोलान्यी यांनी. ते मुळात भौतिक-रसायनशास्त्रज्ञ. ‘पर्सनल नॉलेज’ (१९५८) आणि ‘द टॅसिट डायमेन्शन’ (१९६६) या पुस्तकांत त्यांचा मुद्दा असा, की जाणण्यात शब्दांत न मावणारा भाग असतोच. उदाहरण सायकलचं. तोलाचं सूत्र पाठ करून कुणी सायकल शिकत नाही, ती अंगवळणीच पडावी लागते.

आता दुसरं उदाहरण. हॅरी कॉलिन्स यांनी १९७४ मध्ये टीईए लेझर बनवणाऱ्या ब्रिटिश प्रयोगशाळांवर लेख लिहिला. नुसता छापील पेपर वाचून कुणालाच चालता लेझर बनवता आला नव्हता. ज्यांना जमलं, ते आधी जमलेल्यांच्या संपर्कात होते. पण त्यातली एक मेख बघा: कपॅसिटरपासून इलेक्ट्रोडपर्यंतची तार आखूड हवी. हे तर एका ओळीत लिहिता येतं! फक्त बनवणाऱ्या सगळ्यांना ते सुरुवातीला ठाऊक नव्हतं.

म्हणजे सायकल आणि तार एकाच पिशवीत घालून चालणार नाही. कॉलिन्स यांनीच २०१० च्या पुस्तकात तीन प्रकार वेगळे केले. रिलेशनल, म्हणजे सांगता येण्यासारखं, पण गुपित म्हणून किंवा गृहीत धरून न सांगितलेलं. सोमॅटिक, म्हणजे शरीरात मुरलेलं. आणि कलेक्टिव्ह, म्हणजे त्या समूहात वावरूनच मिळणारं.

हा फरक पुसला की काय होतं? सीनियर लॅब सोडून जातो, प्रयोग जमेनासा होतो, आणि आपण “टॅसिट होतं ना ते” म्हणून मोकळे होतो. खरं तर जेल ओतण्याआधी काच इथेनॉलने पुसायची, एवढंच लिहायचं राहिलेलं असतं. तो आपला आळस, त्याला तत्त्वज्ञानाचं नाव कशाला?

तेव्हा हा शब्द वापरण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे लिहिता आलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर आजच नोटबुकात लिहा. ‘नाही’ असेल, तर सीनियर आहे तोवर त्याच्या शेजारी उभं राहून हात बसवून घ्या.