बुलढाणा पॅटर्न : एक परीक्षण

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील पाऊस दोन समुद्रांस वांटला जातो. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावणारी पैनगंगा वर्धेस व पुढें गोदावरीस जाऊन मिळते; नळगंगा, विश्वगंगा घाट उतरून पूर्णेंत आणि तापीवाटे पश्चिमेस जातात. याच जिल्ह्यानें २०१७ नंतरच्या वर्षांत 'बुलढाणा पॅटर्न' देशापुढें ठेवला. योजना चतुर खरी: महामार्गाच्या भरावासाठीं तलाव, नाले व नद्या यांतील माती ठेकेदारानें न्यावी, आणि सरकारी तिजोरीस भार न पडतां जलाशय खोल व्हावे. गाळ निघालेल्या तलावांत पाणी अधिक सांठतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

पण खोदावें कोठें, हें ठरतें कशावरून? नदीच्या गरजेवरून नव्हे, रस्त्याच्या सोयीवरून! सडकेजवळचा नाला भाग्यवान. ज्या उजाड टेकाडावरून गाळ येतो तिकडे फिरकण्याचें ठेकेदारास कारणच नाहीं. माथ्यावर चर, बांध व गवत नसतां पायथ्याचा डोह पुन्हा भरणारच. शिवाय या काळ्या पाषाणाच्या मुलुखांत मुरमाचा थर फोडून खोल गेलें, तर पाणी जमिनींत मुरण्याऐवजीं शेजारच्या विहिरींचेंच पाणी पात्रांत पाझरूं लागतें.

यशाचें माप म्हणून निघालेल्या मातीचे घनमीटर सांगितले जातात. आम्हांस दुसराच आंकडा हवा आहे: पाऊस सरल्यावर घाटाखालची विश्वगंगा किती दिवस वाहती राहिली?