दर्या, दऱ्या आणि मंगल

मंगल फॉन्टमधलं काही आलं की आमच्या ऑफिसात आधी फॉन्टची टर उडते. मीही उडवली आहे. ओळींमध्ये नको इतकी जागा, वळण थेट सरकारी परिपत्रकाचं. पण मंगलला एवढ्यावर निकालात काढणं म्हणजे हस्ताक्षर बघून कवितेला मार्क देणं.

विंडोज 2000सोबत आलेला मंगल र. कृ. जोशी यांनी घडवला. ते इंजिनियर नव्हते. सीएसएमटीजवळच्या जे. जे.त उपयोजित कला शिकले, उल्का या जाहिरात संस्थेत काम केलं, मग आयआयटी मुंबईत शिकवलं. सोबत सुलेखन आणि कविता होतीच.

आता हे दोन शब्द वाचा : दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. फरक फक्त र कसा जोडला यात. गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या तो बोटांत असायचा. संगणकाकडे खिळे नाहीत, नियम आहेत. कोणतं अक्षर कोणाशेजारी आलं की कोणता आकार घ्यायचा, हे कुणीतरी आधी लिहून द्यावं लागतं. कोड लिहिणारा कितीही हुशार असो, भाषा येत नसेल तर चूक झाली हेच त्याला कळणार नाही. प्रोग्राम एरर देत नाही. दरीत समुद्र शिरतो, इतकंच.

'आर्ट्सला जाऊन काय करणार?' हा प्रश्न लालबागच्या चाळीत विचारतात, तसाच दादरच्या ब्लॉकमध्येही. त्यावरचं नेहमीचं उत्तर मला पटत नाही : म्हणे, बोलणं सुधारतं, प्रेझेंटेशन छान होतं. ही झाली भाजीवरची कोथिंबीर. जोशींच्या कामात अक्षराचा अभ्यास हीच भाजी होती.

अर्थात, नुसतं सुलेखन पुरलं नसतं. पडद्यावरचे ठिपके, फॉन्टच्या फाइलचे नियम हे सगळं त्यांना समजून घ्यावं लागलं, तेही चाळिशी उलटल्यावर. कलाशाखेची बाजू घेणारे हा भाग सहसा गाळतात.

आता हातातल्या फोनवरचा 'ल' बघा. बऱ्याच फोनवर तो हिंदी वळणाचा दिसतो. शाळेत गिरवलेला, दोन पाकळ्यांचा नाही. फोन चालतो, ॲप चालतं, तक्रार कुणाचीच नाही. तो ल ज्याला खटकेल असं एक तरी माणूस फोन बनवणाऱ्यांत हवं होतं. ते बहुधा आर्ट्सला गेलेलं असतं.