यशोदा की रोहिणी? : 'मला आई व्हायचंय' या चित्रपटातील गर्भारपण आणि वंध्यत्वोपचाराचे वास्तव

समृद्धी पोरे दिग्दर्शित 'मला आई व्हायचंय' हा चित्रपट २०११ साली प्रदर्शित झाला. २०१० या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. दुसऱ्याच्या अपत्यासाठी आपले गर्भाशय उपलब्ध करून देणे, म्हणजेच सरोगसी, हा विषय मराठी पडद्यावर इतक्या गांभीर्याने त्यापूर्वी क्वचितच आला असेल. दिग्दर्शिका व्यवसायाने वकील आहेत आणि चित्रपटाची बांधणीही एखाद्या दाव्यासारखी आहे : दोन पक्ष, एक मूल, आणि मूल कोणाचे हा वादाचा मुद्दा. या चित्रपटाविषयी बोलताना साहजिकच जन्मदात्री श्रेष्ठ की बीजदात्री, हा प्रश्न पुढे येतो. प्रस्तुत लेखाचा रोख त्या प्रश्नावर नाही. ज्या नऊ महिन्यांतून हा वाद उद्भवतो, त्या नऊ महिन्यांचे चित्रपट काय करतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

कथानक थोडक्यात असे. परदेशातून आलेली मेरी मूल व्हावे म्हणून भारतातील यशोदेशी करार करते. गर्भ राहतो. पुढे गर्भात व्यंग असण्याची शक्यता वैद्यकीय तपासणीतून समोर येते आणि मेरी ते मूल नाकारून मायदेशी परतते. यशोदा मुलाला जन्म देते. माधव सुदृढ निघतो, गावात मराठी बोलत वाढतो. काही वर्षांनी मेरी त्याला न्यायला येते आणि तेथून चित्रपटाचा खरा संघर्ष सुरू होतो. गोऱ्या कांतीचा, अस्सल मराठी बोलणारा हा मुलगा प्रेक्षकाच्या मनात घर करतो, आणि उर्मिला कानेटकर यांची यशोदाही.

पात्रांच्या नावांतून चित्रपटाने आपला पौराणिक आधार उघडच सांगितला आहे. पण हा आधार तपासून पाहिला तर एक गंमतीची विसंगती आढळते. पुराणातील यशोदेने कृष्णाला वाढवले. उदरात वाहिले नाही. चित्रपटातील यशोदा माधवला उदरात वाहते, जन्म देते आणि वाढवते. तिचे नसते ते केवळ बीज. कृष्णकथेत तिची खरी पूर्वज शोधायची तर ती यशोदा नव्हे, रोहिणी होय. देवकीचा सातवा गर्भ योगमायेने ओढून घेतला आणि रोहिणीच्या उदरी ठेवला. त्या ओढून घेण्यावरूनच बलरामाला 'संकर्षण' हे नाव मिळाले. (अशा कथांवरून प्राचीन काळी टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्र अवगत होते असे सांगणाऱ्यांशी प्रस्तुत लेखकाचे काही देणेघेणे नाही.) लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, देवकीचा बंदिवास आणि यशोदेचे वात्सल्य यांना आपल्या परंपरेत जेवढी जागा मिळाली, तेवढी दुसरीचा गर्भ वाहणाऱ्या रोहिणीच्या दिवसांना मिळाली नाही. चित्रपटानेही नेमके तेच केले आहे. नायिकेचे नाव यशोदा ठेवताच कथेचा भार वाहण्यावरून वाढवण्यावर सरकतो, आणि गर्भारपण हा दोन अंकांमधला विष्कंभक ठरतो.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. भावनाप्रधान कथाचित्राकडून प्रसूतिशास्त्राच्या पाठाची अपेक्षा करणे कितपत न्याय्य आहे? सर्वसाधारणपणे तो आक्षेप मान्य करावा लागेल. परंतु या चित्रपटाचे मुख्य वळणच वैद्यकीय आहे. गर्भातील दोषाची शंका नसती, तर मेरी गेली नसती. मेरी गेली नसती, तर पुढचे काहीच घडले नसते. ज्या खिळ्यावर संपूर्ण कथा टांगलेली आहे, तो भिंतीत किती खोल गेला आहे हे पाहण्याचा अधिकार समीक्षकाला असलाच पाहिजे.

वस्तुस्थिती अशी आहे की, सरोगेट मातेचे गर्भारपण हा वैद्यकशास्त्रासाठीही विशेष जिज्ञासेचा विषय ठरला आहे. प्रयोगशाळेत फलन झालेल्या गर्भांच्या बाबतीत अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचे प्रमाण अधिक आढळते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले होते. परंतु हा परिणाम उपचाराचा की ज्या कारणाने उपचार घ्यावा लागला त्या वंध्यत्वाचा, हा गुंता सुटत नव्हता. उपचार घेणारी स्त्री मुळातच वयाने अधिक असते किंवा तिला काही विकार असतो. मग दोष कोणाच्या माथी मारायचा? सरोगेट माता या गुंत्यातून वाट दाखवते. ती स्वतः वंध्य नसते. उलट, पूर्वी स्वतःची मुले सुखरूप झाली म्हणूनच तिची निवड झालेली असते. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १२४ स्त्रियांची स्वतःची नैसर्गिक बाळंतपणे आणि त्यांची सरोगसीची बाळंतपणे यांची तुलना करण्यात आली. एकेकट्या बाळांचाच विचार केला असता, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेत ३.१ टक्के, तर सरोगसीत १०.७ टक्के भरले. कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण अनुक्रमे २.४ आणि ७.८ टक्के होते. कूस तीच, बाई तीच. बदलली ती गर्भ येण्याची रीत. सरोगसीचे बाळंतपण स्वतःच्या बाळंतपणांनंतरचे असल्याने वयाचा थोडा फरक या तुलनेत राहतोच, हे खरे. तरीही चित्रपटातील यशोदेच्या वाट्याला काय येऊ शकत होते, हे इतक्या थेटपणे सांगणारा दुसरा पुरावा मिळणे कठीण.

याची काही कारणे समजण्याजोगी आहेत. नेहमीच्या गर्भारपणात गर्भाचा निम्मा आनुवंशिक वारसा आईचा असतो. सरोगेट मातेच्या, तसेच दुसरीचे स्त्रीबीज घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तो पूर्णपणे परका असतो. दात्या स्त्रीबीजापासून राहिलेल्या गर्भारपणात प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब वाढून माता व गर्भ या दोघांनाही धोका पोहोचवणारा विकार, अधिक प्रमाणात आढळतो. गोठवून ठेवलेला गर्भ वापरण्याच्या पद्धतीतही हा विकार वाढतो, असे दिसले आहे. चीनमध्ये अंडाशयाच्या विशिष्ट विकाराने ग्रस्त स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताज्या गर्भाच्या गटात त्याचे प्रमाण १.४ टक्के, तर गोठवलेल्या गर्भाच्या गटात ४.४ टक्के होते. त्याच चाचणीत गोठवलेल्या गर्भाच्या गटात जिवंत जन्मांचे प्रमाण अधिक होते आणि संप्रेरकांच्या माऱ्याने अंडाशय सुजण्याचा धोका कमी होता, हेही सांगितलेच पाहिजे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने थोडे काढून घ्यावे, असा हा व्यवहार आहे. चित्रपटातील यशोदेच्या शरीराला मात्र काहीच होत नाही. तिच्या सगळ्या वेदना करारातून आणि विरहातून येतात. शरीर हे जणू भाड्याने दिलेल्या खोलीसारखे, आत कोण राहून गेले याची नोंद न ठेवणारे.

जुळ्यांचा विषय चित्रपटात नाही. परंतु त्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. नवजात शिशूच्या आरोग्यावर या उपचारांचा जो सर्वांत मोठा आघात झाला, तो एकाच वेळी अनेक गर्भ सोडण्याच्या प्रथेमुळे. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात. असे असूनही आपल्याकडे जुळे म्हणजे दुप्पट कृपा, आणि उपचाराचा खर्च पाहता एका खर्चात दोन! स्वीडन आणि शेजारी देशांतील चाचणीचे २००४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या हिशेबाचे उत्तर देतात. एका गटात दोन गर्भ एकदम सोडले. दुसऱ्या गटात एकच सोडला आणि तो न रुजल्यास गोठवलेला दुसरा नंतर सोडला. पहिल्या गटात ४२.९ टक्के, तर दुसऱ्या गटात ३८.८ टक्के स्त्रियांना मूल झाले. अंतर फार नाही. परंतु त्या प्रसूतींतील जुळ्या-तिळ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३३.१ टक्के, तर दुसऱ्या गटात अवघे ०.८ टक्के होते. म्हणजे थोडा धीर धरला, तर कितीतरी बाळांचा काचेच्या पेटीतील मुक्काम टळतो. पण धीर धरायला मन आणि पैसा दोन्ही लागतात, आणि एकेका खेपेसाठी कर्ज काढणाऱ्या जोडप्याला हे सांगणे सोपे नाही.

राहिला जन्मजात व्यंगाचा प्रश्न. चित्रपटात मेरीला पळवून लावणारी भीती हीच आहे, तेव्हा तिच्याविषयी जबाबदारीने बोलले पाहिजे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील २००२ सालच्या अभ्यासाने खळबळ उडवली होती : नैसर्गिकपणे राहिलेल्या गर्भांतून जन्मलेल्या बाळांत एक वर्षापर्यंत गंभीर जन्मदोष ४.२ टक्के, तर टेस्ट ट्यूब बाळांत ९ टक्के. त्यानंतर दक्षिण ऑस्ट्रेलियातील २०१२ सालच्या मोठ्या अभ्यासाने हे चित्र बरेच सौम्य केले. तेथे सरसकट प्रमाण ५.८ आणि ८.३ टक्के असे भरले. आईवडिलांचे वय, आजार इत्यादींचा हिशेब केल्यावर साध्या प्रयोगशालेय फलनाशी निगडित जादा धोका उरला नाही. मात्र शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचण्याच्या 'इक्सी' पद्धतीत तो उरला. याचा अर्थ असा की, या मार्गाने जन्मणारी बहुसंख्य बाळे निरोगी असतात, आणि तरीही थोड्यांच्या वाट्याला येणारे दुःख काल्पनिक नसते. भीती आणि निर्धास्तपणा या दोहोंच्या मधली ही जागा आहे. कथात्म कलेने बोलावे, अशी हीच जागा.

'मला आई व्हायचंय' तेथे बोलत नाही. माधव सुदृढ जन्मतो, आणि चित्रपट सुटतो. त्याच्या सुदृढपणाने तीन गोष्टी एकदम साधतात : मेरी चुकीची ठरते, यशोदेच्या श्रद्धेला फळ येते, आणि माधव हा दोघींनी हवा म्हणावा असा होतो. पण तो खरोखरच व्यंग घेऊन जन्मला असता, तर मेरी परतली असती का? यशोदेने त्याला घेऊन शहरातल्या रुग्णालयाच्या किती खेपा घातल्या असत्या, आणि कोणाच्या पैशाने? हक्कासाठी भांडणाऱ्या दोन मातांपेक्षा जबाबदारीपुढे उभी असलेली एकटी माता हा अधिक कठीण विषय होता, आणि तो दिग्दर्शिकेच्या हाताशी आला होता. वास्तवातही २०१४ साली थायलंडमध्ये असे प्रकरण घडले. ऑस्ट्रेलियन दांपत्यासाठी एका थाई स्त्रीने वाहिलेल्या जुळ्यांपैकी डाउन सिंड्रोम असलेला मुलगा तिच्याजवळच राहिला. जगभर त्या दांपत्यावर टीकेची झोड उठली. परंतु २०१६ साली ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने, त्यांनी मुलाला टाकून दिले हे म्हणणे मान्य केले नाही. वास्तवातली मेरी ही अशी सहजासहजी खलनायिका होत नाही.

नवजाताला बाजूला सारण्याची ही वृत्ती याच एका चित्रपटाची नाही. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, इंग्लंडमधील पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या पाठोपाठ दोन-सव्वादोन महिन्यांनी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली. शासकीय चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत १९८६ साली केईएम रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या यशाचे एक शिल्पकार, शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी १९९७ साली मुखोपाध्यायांची कागदपत्रे पाहून पहिलेपणाचा मान आपणहून त्यांना दिला. वैज्ञानिक प्रामाणिकपणाची अशी उदाहरणे विरळाच. या शोकांतिकेवरून प्रेरित झालेला तपन सिन्हा यांचा 'एक डॉक्टर की मौत' (१९९०) हा नोकरशाहीच्या क्रौर्याचा अजोड दस्तऐवज आहे. मात्र त्यातील संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे ती कुष्ठरोगावरील लस. कुपीत लस असते. दुर्गा पाळण्यात होती, रडत होती, वाढत होती, आणि लोकापवादाच्या भयाने तिचे आईवडील तिला प्रकाशात आणायला धजत नव्हते. खरा पुरावा ते मूलच होते. सिन्हांचा चित्रपट श्रेष्ठच आहे; पण त्याच्या श्रेष्ठत्वाची किंमत म्हणून बाळ कथेतून गेले.

पुढे कायदा बदलला. परदेशी जोडप्यांसाठी भारतातील सरोगसी २०१५ साली बंद झाली. २०२१ च्या डिसेंबरात संमत झालेल्या कायद्याने व्यापारी सरोगसीवरच बंदी आणली. त्या कायद्याच्या सातव्या कलमात, सरोगसीतून जन्मलेल्या मुलाला आनुवंशिक दोष, जन्मजात व्यंग, पुढे उद्भवलेला विकार, मुलाचे लिंग किंवा एकाहून अधिक मुलांची गर्भधारणा अशा कोणत्याही कारणास्तव टाकता येणार नाही, असे नमूद केले आहे. २०२२ च्या नियमांनी सरोगेट मातेच्या गर्भाशयात एका वेळी एकच गर्भ सोडावा, विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत, असे ठरवले. आणि प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतींसाठी तिचा ३६ महिन्यांचा विमा हा कायद्याचाच भाग आहे. रोहिणीच्या दिवसांची दखल घेणारा मजकूर अखेर राजपत्रात आला. त्याच २०२१ साली 'मला आई व्हायचंय'ची हिंदी आवृत्ती 'मिमी' प्रदर्शित झाली. तिच्यात गर्भाला डाउन सिंड्रोम असल्याचे निदान होते, परदेशी जोडपे निघून जाते, आणि मूल जन्मते ते याही वेळी संपूर्ण निरोगी.