‘जेव्हा माणूस जागा होतो’ : पैनगंगेच्या अलीकडचे एक वाचन

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ची एक प्रत आहे. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मोजून सहा तारखा आहेत, आणि त्यांतल्या चार माझ्याच. १९७० साली हे पुस्तक प्रसिद्ध झाले, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, आणि तेव्हापासून ‘चळवळीचा दस्तऐवज’ म्हणून त्याचा गौरव होत आला. दस्तऐवज म्हटले की कपाटात ठेवायला आपण मोकळे! मला मात्र ते एका सुशिक्षित, शहरी बाईच्या शिकण्याची हकिकत वाटत आले आहे. या हकिकतीत एक उणीवही आहे, आणि ती ठाणे जिल्ह्यापेक्षा आमच्या आदिलाबादेत अधिक बोचते.

ज्यांनी पुस्तक पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिला आलेल्या मूठभर वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांना आपल्या मुलखात बोलावून नेले. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, मार खायचा नाही, दिवसाला बारा आणे मजुरीखेरीज जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचे नाही, असे ठरवून उठले. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच वारली मेले. तरीही वेठ गेली ती गेलीच.

या कथेत मोठी भाषणे घुसडणे सोपे होते. गोदूताईंनी बारा आण्यांवर बोट ठेवले आहे, आणि लेखिका म्हणून त्यांचे मोठेपण मला तिथे दिसते. न्याय, समता हे शब्द व्यासपीठावर शोभतात. ज्याला आजवर मजुरी म्हणून फटकेच मिळाले त्याच्या दृष्टीने ‘बारा आणे’ हा शब्द त्या सर्वांहून जड आहे. भीतीचेही तसेच. वारली भित्रा होता म्हणून वेठ चालली, असे त्या म्हणत नाहीत. कर्ज, मार, जंगलातल्या गवताची मालकी, जमीनदाराच्या दारातली फौजदाराची ऊठबस, या सगळ्यांनी भीती कशी घडवली जाते ते त्या दाखवतात. भीती घडवलेली असेल तर ती मोडताही येते. पुस्तकाचे शीर्षक तेवढ्यासाठी सार्थ आहे.

‘लग्नगडी’ हा भाग मी एकदा दहावीच्या वर्गात सांगितला. लग्नासाठी थोडे कर्ज घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने सावकाराच्या घरी जन्मभर राबायचे, अशी ती रीत. आमच्या हैदराबाद संस्थानातही तिची बहीण होती. तिला ‘भगेला’ म्हणत, आणि १९३६ मध्ये निजाम सरकारला तिच्यावर नियम करावा लागला होता. हे सगळे मी ऐटीत सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक कोलाम मुलगा उठला. ‘सर, लग्नगडी आणि सालदार, फरक काय?’

मी मास्तरकीला साजेसे उत्तर दिले. सालदाराचे साल गुढीपाडव्याला संपते, मग तो मोकळा. शिवाय वेठबिगारीविरुद्ध १९७६ पासून देशभर कायदा आहे.

‘साल फिटते, सर. उचल फिटत नाही.’

त्याचा बाप माझ्याच नात्यातल्या एका घरी सालदार होता. वर्ग पुढे चालला, पण त्या दिवसापासून हे पुस्तक मला पूर्वीसारखे वाचता आलेले नाही. वारल्यांचे जमीनदार वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आता धोतर-टोपीतले परके लोक येत नाहीत. आमच्या घरच्या जुन्या कागदांत एका खरेदीखतावर विकणाऱ्याच्या जागी अंगठा आहे आणि त्याच्या शेजारी गोंडी आडनाव. किंमत वाचून मी तो कागद पुन्हा घडी घालून ठेवला होता.

आता उणीव. या पुस्तकात वारली लढतो, मार खातो, उभा राहतो. पण सांगणारी बाई सांगत असते. १९७० साली दुसरे काही शक्य नव्हते, म्हणून हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. परंतु मराठी समीक्षेने तिथेच समाधान मानले. १९८७ मध्ये वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह आला. शहाद्याच्या श्रमिक संघटनेत राबलेला हा भिल्ल कवी. त्याच्या ‘स्टेज’ या कवितेतला नेम जमीनदारावर नाही. आदिवासींच्या वतीने व्यासपीठावरून बोलणाऱ्या हितचिंतकांवर आहे. ती कविता आणि गोदूताईंचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवून शिकवले पाहिजे. कविता वाचून पुस्तक लहान होत नाही, फक्त कोण बोलते आहे याचे भान येते. पुढे १९९० मध्ये यवतमाळकडच्या भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ आला. यवतमाळ म्हणजे आमच्या पैनगंगेपलीकडचा काठ. त्या काठावर गोंड कवी मराठीत लिहू लागला. या काठावर आपण काय केले?

कुमरम भीम जोडेघाटला १९४० मध्ये मारला गेला, म्हणजे झरीच्या पाच वर्षे आधी. त्याच्यावर अल्लम राजय्या आणि साहू यांची तेलुगू कादंबरी १९८३ मध्ये आली. (२०२२ च्या चित्रपटातला भीम वाघाशी झुंजतो आणि मुलांना तोच ठाऊक आहे. जोडेघाटचा भीम जंगलखात्याशी झुंजला होता. ते प्रकरण वाघाहून अवघड.) इंद्रवेल्लीला २० एप्रिल १९८१ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी गोंड पडले. सरकारी आकडा तेरा, लोकांचा त्याहून कितीतरी मोठा. या दोहोंवर वारल्यांच्या कथेच्या तोडीचे मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही. आपण सीमाभागातले मराठी लोक आपल्या भाषेवरच्या अन्यायाच्या तक्रारी १९५६ पासून करतो आहोत, आणि त्या खऱ्याही आहेत. गोंडाच्या पोराला आपली मराठी कोणत्या तोंडाने भेटली, हे मात्र आपण लिहीत नाही.

लिहिण्याची सोय नव्हती असेही नाही. भीमच्या बंडानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला इकडे पाठवले, आणि मारलवाईला गोंड शिक्षक तयार होऊ लागले. त्यांची पहिली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत होती, म्हणजे आपल्याच अक्षरांत! मराठवाड्याचे सेतुमाधवराव पगडी याच जिल्ह्यात अधिकारी होते. ते गोंडी शिकले, त्यांनी गोंडीचे व्याकरण रचले. पण गोंडांवरचे त्यांचे १९४९ चे पुस्तक इंग्रजीत आहे, आणि मराठी वाचक पगडींना ओळखतो तो शिवकाळाचे इतिहासकार म्हणून.

तो कोलाम मुलगा दहावीनंतर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ घेऊन गेला. चिठ्ठीवरची सहावी तारीख त्याची. पुस्तक त्याने वेळेवर परत केले आणि विचारले, ‘आपल्याकडचे असे आहे का?’ त्याला देण्यासाठी मी पगडींच्या गोंडी व्याकरणाची आणि मारलवाईच्या त्या जुन्या वाचनपुस्तकांची प्रत शोधतो आहे. कोणा वाचकाच्या घरी असल्यास अंकाच्या पत्त्यावर कळवावे. टपालखर्च मी देईन.