पिवळ्या पाण्याची साक्ष

ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्या मधल्या फ्राम सामुद्रधुनीत जहाज उभे करून वरच्या थरातले बादलीभर पाणी काढले, तर ते आले कोठून हे कसे ओळखायचे? सैबेरियातल्या लेना किंवा येनिसेई नदीने ते आर्क्टिक महासागरात आणून सोडलेले असेल. बेरिंगच्या सामुद्रधुनीतून शिरलेले पॅसिफिकचे पाणी असेल. समुद्रावरचा बर्फ वितळून झालेलेही असेल. बहुधा सगळ्यांची सरमिसळच असते. तिन्ही थंड, तिन्ही अटलांटिकच्या पाण्यापेक्षा कमी खारट. त्यामुळे नुसते तापमान आणि क्षारता मोजून फारसे काही हाती लागत नाही. राफाएल गोन्साल्व्हिस-आराउजो, कॉलिन स्टेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहून वेगळाच साक्षीदार पुढे आणला: पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. या निबंधाचा मोठा भाग आम्हाला पटला. शेवटची उडी मात्र पटली नाही.

आधी साक्षीदाराची ओळख करून घेऊ. सैबेरियातल्या दलदली आणि सूचिपर्णी जंगले यांतून झिरपणारे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते. झाडपाला कुजताना सुटलेली ही द्रव्ये गाळणकागदातूनही आरपार जातात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कुर्ट काल्ले यांनी १९३०च्या दशकातच समुद्रातल्या अशा द्रव्याला ‘पिवळे द्रव्य’ असे साधे नाव दिले होते. त्यातल्या काही रेणूंवर अतिनील किरण टाकले की ते निळसर प्रकाश देतात. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. धुण्याच्या पावडरीने धुतलेला पांढरा सदरा नोटा तपासण्याच्या दिव्याखाली निळा चमकतो, तोच हा गुण; वर्गात दाखवायला अगदी सोपा. चमक जितकी जास्त तितके द्रव्य जास्त, हा झाला ढोबळ हिशेब. मोजणी झटपट होते आणि पाणीही थोडेसेच लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? जगातल्या सागरजलाचा जेमतेम १ टक्का भाग आर्क्टिक महासागरात आहे, पण जगातल्या नद्यांच्या पाण्यापैकी सुमारे ११ टक्के पाणी त्यात येऊन पडते. हे गोडे, म्हणून हलके पाणी वरच तरंगत राहते आणि मुख्यतः दोन दारांनी अटलांटिककडे निघते. ग्रीनलंडच्या पूर्वेचे दार फ्राम, पश्चिमेचे डेव्हिस सामुद्रधुनी. पुढे लॅब्राडोरच्या आणि ग्रीनलंडच्या समुद्रात हिवाळ्यात वरचे पाणी गार व जड होऊन खोल बुडते आणि खोलवरच्या प्रवाहांना पुरवठा करते. त्यावर हलक्या पाण्याचे जाड पांघरूण पसरले तर हे बुडणे मंदावू शकते. नद्यांचा ओघ वाढतो आहे, समुद्रबर्फ घटतो आहे. अशा वेळी दाराबाहेर पडणाऱ्या पाण्यात कोणाचा वाटा किती, हेच ठाऊक नसेल तर पुढची भाकिते कशाच्या जोरावर करायची?

आजवर हा वाटा काढण्याची रीत होती ती बाटल्यांची. नदीच्या आणि हिमाच्या पाण्यात ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक बराच कमी असतो. समुद्रबर्फ वितळून झालेल्या पाण्यात तो तितका कमी नसतो. नायट्रेट आणि फॉस्फेट यांच्या प्रमाणावरून पॅसिफिकचे पाणी व अटलांटिकचे पाणी वेगळे काढता येते. पद्धत भरवशाची, पण बाटल्या भरा, जपून किनाऱ्यावर न्या, महागड्या यंत्रावर मोजा, असा सगळा व्याप. निबंधकारांनी २०१२ आणि २०१३च्या उन्हाळ्याअखेरीस दोन्ही सामुद्रधुन्यांत आणि पूर्व ग्रीनलंडच्या उथळ सागरमंचावर हा व्याप केला आणि सोबत पाण्याची चमकही मोजली. फ्राममध्ये व सागरमंचावर चमक आणि नद्या-हिमाच्या पाण्याचा वाटा यांचा मेळ चांगला बसला. याचे कारण समजायला अवघड नाही. समुद्राचे पाणी गोठताना मीठ आणि ही द्रव्ये बहुतांशी बाहेर टाकली जातात, म्हणून बर्फ वितळून झालेले पाणी जवळजवळ न चमकणारे असते. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे चमकीच्या रंगछटांवरून, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश मिळाला यावरून, कॅनडाच्या खोऱ्यातून आलेले वरच्या थरातले पाणी आणि पूर्व आर्क्टिककडचे पाणी यांतला फरकही कळला.

निबंधाचे खरे बळ आम्हाला वाटते ते नव्या साक्षीदाराची जुन्यासमोर उलटतपासणी घेण्यात. डेव्हिसच्या खोल पाण्यात चमक निराळीच वागली. तेथे तिचे नाते जुळले ते खर्च झालेल्या ऑक्सिजनशी. म्हणजे जिवाणू सेंद्रिय पदार्थ खात होते, ऑक्सिजन वापरत होते आणि मागे चमकणारी द्रव्ये ठेवत होते. चमक नदीतून आली नव्हती, जागच्या जागी तयार झाली होती. लेखकांनी ही अडचण झाकली नाही. खोल पाण्यात काय घडते याचा पुरावा म्हणून ती मांडली. शोधनिबंधांत हे नेहमीच दिसते असे नाही.

पण हाच मुद्दा पुढे न्यायला हवा होता. मागोव्याचे द्रव्य वाटेत हरवू नये आणि वाटेत जन्मू नये, ही पहिली अट. मीठ ती पाळते. पिवळे द्रव्य पाळत नाही. ते वाटेत जन्मते हे डेव्हिसने दाखवलेच. ते हरवतेही: उन्हात ठेवलेला रंगीत कपडा विटावा तसे सूर्यप्रकाशात हे द्रव्य विटते. समुद्रावर बर्फाचे झाकण असताना त्याला थोडे संरक्षण मिळते. झाकण घटले की ऊन जास्त, चमक कमी. म्हणजे २०१२-१३ मध्ये चमक आणि नदीचे पाणी यांचे जे गणित बसले, ते पुढे तसेच टिकेल याची हमी नाही. आणि ज्या काळात आपल्याला बदल मोजायचा आहे, नेमक्या त्याच काळात मोजपट्टी ताणली जाण्याचा धोका आहे!

दुसरी शंका ग्रीनलंडच्या हिमनद्यांची. ऑक्सिजन-१८च्या हिशेबात त्यांचे पाणी नदीच्याच खात्यात पडते, पण त्यात झाडपाल्याचा अर्क जवळजवळ नसतोच. सागरमंचावर हे पाणी वाढत गेले तर दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगतील. खरे तर याचा उपयोगही करता येईल, कारण दोघांच्या फरकातूनच हिमनदीचे पाणी ओळखू येईल. पण त्यासाठी दोघेही हवेत.

येथेच शेवटच्या उडीचा प्रश्न येतो. अनेक तरंगलांबींवर चमक मोजणारी उपकरणे थेट समुद्रात सोडली तर नमुन्यांच्या किचकट पृथक्करणाशिवाय गोड्या पाण्याचा उगम शोधता येईल, अशी शक्यता निबंध सुचवतो. शक्यता म्हणूनच सुचवतो, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. तरीही, चमकीचा अर्थ त्यांना कळला तो बाटल्यांमुळेच. बाटल्या सोडल्या तर उपकरणाला मिळालेली चमक लेनाची की जिवाणूंची, हे कोण सांगणार? उपकरण वर्षभर समुद्रात राहू शकते, जहाज राहू शकत नाही; एवढ्यासाठी ते जरूर हवे. पाणी कोठे आणि केव्हा बदलले हे ते दाखवील, आणि बाटली कोठे भरायची ते आपल्याला कळेल.

तिसरा साक्षीदारही उपलब्ध आहे. लिग्निन हे लाकडातले द्रव्य जमिनीवरच्या वनस्पतींतूनच येते, खोल समुद्रातले जिवाणू ते बनवू शकत नाहीत. स्टीफन ऑप्साल, रोनाल्ड बेनर आणि रायनर आमोन यांनी १९९९ साली त्याच्याच आधारे आर्क्टिकमधून जाणाऱ्या जमिनीवरच्या सेंद्रिय पदार्थांचा माग काढला होता. एकाच पाण्यात चमक, ऑक्सिजन-१८ आणि लिग्निन अशी तिन्ही मापे घेतली, तर डेव्हिसचा घोळ बराचसा सुटेल. लिग्निन मोजायला मात्र पुष्कळ पाणी आणि प्रयोगशाळेतले बरेच काम लागते. म्हणजे बाटल्या पुन्हा आल्याच.